जेवण झाल्यावर सांगायची बातमी

वामन पारखे गेल्याचे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. त्याचे घर महाराज बाड्याच्या मागच्या गल्लीत, माझे नया बाजारात. पायी चालत बारा मिनिटे. सून चहा घेऊन आली तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात मोबाईल होता. ती म्हणाली, "बाबा, वामनकाका... ग्रुपवर आहे. कल का है." मी माझा फोन उघडला. समाजाच्या ग्रुपचा आवाज मी वर्षभरापूर्वी बंद करून ठेवला होता, कारण रोज सकाळी फुलांची चित्रे आणि सुविचार येत. वामनच्या मुलाचा, शिरीषचा, संदेश आदल्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आलेला होता. 'बाबा आज पहाटे गेले. अंत्ययात्रा दुपारी बारा वाजता घरून निघेल.' त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची लांबच लांब रांग, मध्येच कुणाचा तरी वाढदिवस, त्याला केक, आणि पुन्हा जोडलेले हात. दुपारी बारा वाजता मी काय करीत होतो ते मला नेमके आठवते. मी गादीवर पडून याच फोनवर क्रिकेटचा सामना पाहत होतो.

वामनची आणि माझी ओळख साठ वर्षांची. तो बिर्ला नगरच्या एका कापड गिरणीत हजेरी-लेखनिक होता. गिरणी बंद पडल्यावर एका शाळेच्या कार्यालयात लागला. परंतु शहराच्या लश्कर भागातली मराठी घरे त्याला ओळखत ती वेगळ्या कामामुळे. आमची ही घरे दक्षिणेतून इकडे उत्तरेत आलेली. कुणाचे पूर्वज दरबारी कारकून, कुणाचे पुरोहित, कुणाचे शिलेदार. आज ती शहरभर विखुरलेली आहेत. कुणी गेले की घरोघर जाऊन सांगायचे, हे काम वामनच्या वडिलांनी केले आणि त्यांच्यामागे पंचेचाळीस वर्षे वामनने केले. त्याला कुणी नेमले नव्हते. मृताच्या घरचा माणूस त्याच्याकडे येई, वामन सायकल काढी. कोणत्या घरी आधी जायचे, कुणाला मुलाकरवी सांगायचे, कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे आणि तरीही कळवले पाहिजे, हे सारे त्याच्या डोक्यात असे. दाराशी तो एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर ठेवून उभा राही. उंबरठा ओलांडत नसे, पाणी घेत नसे. आणि पहिला प्रश्न ठरलेला असे, "जेवण झालं का?"

झाले असेल तर तो लगेच सांगे. नसेल तर "बरं, येतो जरा वेळानं" म्हणून पुढच्या घरी जाई आणि परत येई. वार्ता ऐकल्यावर माणसे स्मशानातून येऊन अंघोळ होईपर्यंत अन्नाला शिवत नाहीत. त्यात म्हातारी असतात, मधुमेहाची असतात. त्या प्रश्नाचा अर्थ सर्वांना ठाऊक होता. तरीही लोक मुकाट्याने आत जात, चार घास खात आणि मग दाराशी येऊन उभे राहत. बाजारात भेटल्यावर वामनने कुणालाही जेवणाविषयी विचारायचे नाही, अशी बायकांची सक्त ताकीद होती. आमच्या काकू एकदा त्याला म्हणाल्या, "वामन, कधी सणावाराला पण येत जा रे. तुला पाहिलं की पोटात गोळाच येतो." तो म्हणाला, "सणाला तुम्ही बोलावता कुठं, काकू?" त्या वर्षीच्या दिवाळीला काकूंनी त्याला बोलावले. तो फराळ करून गेला, तरी दोन दिवस काकूंना चैन नव्हते.

मी दूरध्वनी खात्यात चौतीस वर्षे नोकरी केली. तारा जोडणे हा माझा व्यवसाय, तेव्हा वामनची सायकल मला वेळेचा अपव्यय वाटे. मी त्याला अनेकदा सांगितले की माझ्या घरून फोन कर, तासाभरात काम संपेल. तो म्हणे, "फोनवर माणूस उभा आहे की बसलाय, ते दिसतं का?"

"आधी बसायला सांगायचं."

"मग तो ओळखतो."

"तुझ्या जेवणावरून पण ओळखतातच की."

"ओळखतात," तो म्हणे. "पण मी तिथं असतो."

या वादात मी हरलो असे मला कधी वाटले नाही. आज वाटते का, याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

महामारीच्या काळात सारेच थांबले. दारे बंद, वामन घरात, आणि वार्ता तर रोजच्या. तेव्हा हा ग्रुप मी स्वतः तयार केला. त्याचा उपयोग झाला, हे मी आजही नाकारणार नाही. पुण्यात अडकलेल्या एका मुलाला बापाचे मुख निदान पडद्यावर तरी पाहता आले. परंतु ते दिवस सरले आणि ग्रुप राहिला. वामनने पुन्हा सायकल काढली. तो दाराशी पोहोचून पायरीवर पाय ठेवी, तोवर आतून कुणी तरुण म्हणे, "हो वामनकाका, पता है. ग्रुपवर आलं." तो क्षणभर तसाच उभा राही आणि सायकल वळवी. हे मी एकदा माझ्याच दारात पाहिले. मी त्याला आत बोलावले; तो आला नाही.

पुढे एक प्रसंग घडला, तो माझ्या हातून. आमच्या परिचयातल्या एका घरी मुंज होती. त्याच सकाळी त्यांचे थोरले चुलते वारले. मला फोन आला आणि मी तत्परतेने ग्रुपवर संदेश टाकला. नांदीश्राद्ध झाल्यावर सुतक कळले तरी कार्य थांबत नाही, हे मलाही माहीत होते. त्या घडीला ते मला सुचले नाही. मांडवात गुरुजी नांदीची तयारी करीत होते आणि मुहूर्ताची वेळ पाहण्यासाठी त्यांनी मोबाईल हातात घेतला होता. पहिल्यांदा वाचले ते गुरुजींनीच. ते उठून उभे राहिले. मुंज थांबली, पाहुण्यांना परत जावे लागले आणि नवे उपरणे पांघरलेला मुलगा विचारीत राहिला की मी काय चूक केली. नंतर कळले, वामनलाही त्या घराकडे निरोप पोहोचवायला सांगितले होते. तो अर्धा तास गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभा होता, नांदी उरकण्याची वाट पाहत. संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. तो इतकेच म्हणाला, "घड्याळ पाहिलंस, घर नाही पाहिलंस." त्यानंतर त्याने हा विषय काढला नाही. मी ग्रुपचे व्यवस्थापन दुसऱ्याकडे दिले आणि काही दिवसांनी त्याचा आवाज बंद केला. फुलांच्या चित्रांचे कारण वर दिले आहे. ते पूर्ण कारण नव्हते.

मोतीबिंदूमुळे वामनची सायकल सुटली. मी आठवड्यातून एकदा जात असे. तो विचारी, "या आठवड्यात कोण?" मी ग्रुप उघडून वाचून दाखवी. आमच्या शेवटच्या भेटीत मी वाचून फोन खिशात ठेवला, तेव्हा तो म्हणाला, "बिर्ला नगरच्या माईंना कुणी सांगतं का रे?"

"सांगत असतील."

"कोण?"

मी म्हणालो, "मी बघतो." तो माझ्याकडे पाहत राहिला... डोळ्यांना नीट दिसत नसतानाही. मी बघितले नाही. त्यानंतर त्याच्याकडे जायचेही टाळले. तीन आठवड्यांनी तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी पोहोचलो तेव्हा शिरीष सतरंजीवर बसला होता. तो नोएडात असतो. आजारपण वाढले म्हणून चार दिवस आधी आला होता. तो म्हणाला, "काका, मी वाट पाहिली तुमची. साडेबारापर्यंत थांबवलं सगळ्यांना."

"मला कळलं नाही."

"मेसेज पोचला होता, काका. मैंने चेक भी किया. दोन टिक होत्या."

"घरी कुणाला पाठवायचं होतंस."

तो गोंधळला. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. "पाठवायचं... किसको? असं सांगायला तर बाबाच जायचे ना."

कोपऱ्यात सायकल भिंतीला टेकून होती. माझ्या खांद्यावर जी तिरडी यायला हवी होती ती आली नव्हती, आणि आता त्यावर उपाय नव्हता. एवढेच करता येण्यासारखे होते की वामनचा निरोप तरी वामनच्या रीतीने जावा. ज्यांच्याकडे फोन नाही, अशी घरे मी आठवू लागलो. वामनला ती क्रमाने पाठ होती. मला चार आठवली. तीन घरे त्या दिवशी केली. माईंचे घर तिसऱ्या दिवसावर ठेवले. का ठेवले, ते मला ठाऊक आहे. मला तिथे जायचे नव्हते.

माई वामनच्या गिरणीतल्या एका फोरमनच्या पत्नी. वय शहाऐंशी. भाच्याजवळ राहतात, तो सकाळी कामावर जातो, त्याचा फोन त्याच्या खिशात जातो. मी पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. माई दारात मेथी निवडीत होत्या. "अगं बाई, टेलिफोनवाले भाऊजी. इकडे कसे? लाईन बिघडली का कुणाची?" मी हसण्याचा प्रयत्न केला. पायरीवर एक पाय ठेवला. मग विचारले, "माई, जेवण झालं का?"

त्यांचे हात थांबले. चेहऱ्यावर काही उमटले नाही. "भात चढवलाय," त्या म्हणाल्या आणि समोरच्या भिंतीकडे बोट केले, "तिकडे सावलीत थांबा." मेथीचे ताट उचलून त्या आत गेल्या.

मी थांबलो. मला वाट पाहण्याची सवय नाही. फोन काढला, वेळ पाहिली, ठेवला, पुन्हा काढला. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. बऱ्याच वेळाने ताट मांडल्याचा आवाज आला, आणि त्याहून बऱ्याच वेळाने ते उचलल्याचा. पंचेचाळीस वर्षे हा माणूस असा लोकांच्या भिंतींपाशी उभा होता, आणि मी त्याला तासाभरात काम संपवण्याची युक्ती सांगत होतो.

माई पदराला हात पुसत आल्या आणि पायरीवर बसल्या. "आता सांगा."

"माई..."

"वामन ना?"

"हो."

"तो असता तर तोच आला असता," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आठ महिने फिरकला नाही. मला वाटलं, चला, सगळे धड आहेत. मी रोज देवाला हात जोडत होते त्यासाठी."

त्या आठ महिन्यांत माईंच्या ओळखीची पाच माणसे गेली होती. मी एकेक नाव सांगितले. प्रत्येक नावानंतर त्या विचारीत, "कधी?" त्यांच्या बालमैत्रिणीचे नाव मी शेवटी ठेवले. ते आधी सांगायला हवे होते की शेवटी, हे वामनला कळले असते. ते ऐकल्यावर माईंनी काही विचारले नाही. मी उभाच राहिलो. त्यांनी पाणी विचारले. मी घेतले नाही. भाचा येईपर्यंत मी तिथेच होतो.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. ग्रुपचा आवाज मी पुन्हा चालू केला आहे. तो दिवसातून पन्नास वेळा वाजतो आणि प्रत्येक वेळी माझा हात खिशाकडे जातो. बहुतेक वेळा फुले असतात. दोनदा नव्हती, तेव्हा मी त्या चार घरी जाऊन आलो. दुपारी सून स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि रोजच्यासारखे विचारते, "बाबा, जेवलात का?" मी उत्तर देण्याआधी तिच्या चेहऱ्याकडे पाहतो.