मांजरेच्या अलीकडे
नव्या मोटारपंपाच्या रंगाचा वास आला की मला तो दिवस आठवतो. बिलोलीच्या माझ्या दुकानात कंपनीचे साहेब एजन्सीचा करार मोठ्यानं वाचत होते, "विक्रीची हद्द मांजरा नदीच्या अलीकडे. पलीकडे एक जरी पंप विकला तरी एजन्सी रद्द." नदीपलीकडच्या, तेलंगणातल्या एका सोयऱ्याला मी गुपचूप पंप दिला होता. नेमका तोच दारात येऊन म्हणाला, "दाजी, तुमचा पंप लई भारी चालून राहिला!" साहेबांनी मान वर केली. "गाव कोणतं तुमचं?" सोयऱ्यानं माझा पडलेला चेहरा पाहिला. "नदीकाठचं हाय की, साहेब." साहेबांनी मान डोलावून कराराचे कागद मिटले. आज दोन्ही काठांची एजन्सी माझीच आहे, तरी पलीकडचं गिऱ्हाईक बोलू लागलं की मी आधी दाराकडे बघतो.