वस्तादाचा गुपित डाव

जवसाच्या तेलाचा वास आला की तीच संध्याकाळ आठवते. घाटकोपरच्या चाळीत मी नि बायको माझ्या लाठीला तेल चोळत बसलो होतो. खालच्या हॉलात कलरी ही केरळची युद्धकला शिकवणारा मास्तर वर आला. त्यानं लाठी उचलली आणि माझ्या वस्तादाचा गुपित डाव जसाच्या तसा फिरवून दाखवला.

"कुठनं चोरलास रे?"

"आजोबांनी शिकवला, काका. गावाला."

मला खोटंच वाटलं. नक्की आमच्या आखाड्यात लपून बघितला असणार.

बायको हसली. "अहो, तुमच्या वस्तादानं कुठनं आणला, विचारलंत कधी?"

त्या रागात मी तिच्याशी बोललोच नाही. जेवलीस का, एवढंही विचारलं नाही. त्याच रात्री ती झोपेतच गेली.

सकाळी मास्तर तिरडीला खांदा द्यायला आला. मी त्याला माझ्या शेजारी, पुढं घेतलं.