मामेसासऱ्यांची अकरा मिनिटं

रांगेत उभं राहायला मनापासून आवडणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. माणसं रांग टाळायला ओळखी काढतात, मागच्या दाराने शिरतात, म्हाताऱ्या आईला पुढे करतात. आमचे मामा पुढचा माणूस लवकर सुटला तर हळहळायचे. पिठाची गिरणी असो, दवाखाना असो नाहीतर रॉकेलचा गाडा, जिथे चार माणसं एकामागे एक दिसतील तिथे पाचवे मामा. पलटणीत त्यांनी वीस वर्षं वायरलेसवर काढली होती. तिथून पेन्शन, झुपकेदार मिशा आणि सेकंदकाट्याचं एक जाडजूड घड्याळ घेऊन ते परतले. सकाळी रेडिओच्या ठोक्याला ते घड्याळ लावायचं आणि मग दिवसभर जगाला कशाकशाला किती वेळ लागतो ते खिशातल्या वहीत टिपायचं, हा त्यांचा उद्योग. चहा सांगितल्यापासून समोर येईपर्यंत किती, न्हाव्याने ‘बसा’ म्हटल्यापासून कात्री हातात घेईपर्यंत किती, सगळं वहीत. कुणी वैतागून विचारलंच, तर म्हणायचे, “कंप्लेंट न्हाई वो ही, रिपोर्ट हाय.”

त्यांची माझी पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. माझे सासरे भटारखान्यात उभे राहून, सगळं झकास चाललंय, असं येईल त्याला सांगत होते. मामा मात्र मांडवाच्या पार टोकाला, शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या पत्रावळीवर जाऊन बसले, आणि तेही लागोपाठ तीन पंगतींना. तिसऱ्या पंगतीनंतर ढेकर देत त्यांनी सासऱ्यांसमोर वही उघडली. “दाजी, भात आल्यावर आमटी यायला सात मिन्टं. वाढपी चालू हायत, पर वाढप चालू न्हाई.” सासरे भडकले. मी स्वतः आत उभा आहे, म्हणाले. “आत हुबं ऱ्हाऊन कसं कळंल? हिकडं पानावर येऊन बसा की.” सासरे रागारागाने खरंच बसले आणि गार होत जाणाऱ्या भाताकडे सात मिनिटं टक लावून बघत राहिले. आमच्या लग्नाच्या फोटोंत वधूपिता म्हणून तोच चेहरा आहे.

मी तेव्हा कुपवाडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्युटरवर होतो. द्राक्षबागायतदार तिथे बेदाण्याच्या पेट्या ठेवायचे आणि विक्री ठरली की माल काढायला यायचे. खिडकीवर नाव सांगायचं, क्लार्कने ते मशीनमध्ये घालायचं, चिठ्ठी छापून निघायची, ती दाखवून आतून पेट्या घ्यायच्या. जुनी जाडजूड रजिस्टरं माळ्यावर टाकून हे सगळं आम्ही नुकतंच सुरू केलं होतं. मुख्य मशीन माझ्या थंडगार काचेच्या खोलीत होतं. त्यावर दर तासाला मी एक नाव घालून बघायचो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत चिठ्ठी हजर व्हायची. तरी बाहेरून रोज ओरडा, “कॉम्प्युटर बंद हाय!” मी धावत येऊन बघावं तर मशीन ठणठणीत. शेवटी मी, लोकांना सवय नाही, असं ठरवून टाकलं. पण चेअरमनसाहेबांनी बजावलं, मे अखेरच्या बैठकीत ओरडा थांबलेला दिसला पाहिजे, नाहीतर रजिस्टरं माळ्यावरून खाली येतील. रजिस्टरं खाली म्हणजे मी बाहेर. माझी लेक त्या वेळी चार महिन्यांची होती आणि माझी झोप उडाली होती.

मामी गेल्यावर मामा कुपवाडातच एक खोली घेऊन राहिले होते. जत भागातली बाग मुलगा बघायचा. माझी अडचण कानावर जाताच त्यांनी गावाकडून बेदाण्याची एक पेटी मागवली. एकच. ती त्यांनी आमच्याकडे ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत उभं राहून रीतसर काढून नेली. दुपारी परत ठेवली. तिसऱ्या दिवशी परत काढली. सगळा वैशाख ती पेटी सायकलच्या कॅरियरवरून अशी ये-जा करत होती. हमाल तिला ‘माहेरवाशीण’ म्हणायला लागले. मी एकदा म्हणालो, मामा, मला सांगा, मी आतून दोन मिनिटांत चिठ्ठी काढून देतो. तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लाच देऊ केली होती. रांगेत पुढे-मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि वेळ ते टिपत होते. मला वाटलं, म्हातारपणचा चाळा आहे, चालू द्या.

बैठकीच्या दिवशी चेअरमनसाहेबांनी, “ते वहीवाले पाहुणे बोलवा,” म्हटल्यावर मात्र मी मनातल्या मनात रजिस्टरं माळ्यावरून खाली उतरवली. घरचाच माणूस माझ्याविरुद्ध साक्ष देणार! मामा सावधान उभे राहिले. “सायेब, मशीन बंद न्हाई. जावईबापू खरं बोलत्यात. आन लोकबी खरं बोलत्यात.” मग वही वाचू लागले. “पाटील, अकरा मिन्टं. पाटील, बारा मिन्टं. बंडगर, एक मिनिट. पाटील, अकरा मिन्टं. पाटील, चक्कर आली, सावलीत बसवलं.” चेअरमनसाहेब स्वतः पाटील. ते तडक उठले आणि बाहेर खिडकीपुढे उन्हात जाऊन उभे राहिले. क्लार्कने ‘पाटील’ घातलं. पडद्यावर जिल्ह्यातले तमाम पाटील माल आल्याच्या क्रमाने एकेक पान करत उलगडू लागले, आणि प्रत्येक पान यायला अर्धं मिनिट. एकाच गावचे दोन आनंदा बापू पाटील निघाले, तेव्हा क्लार्क चुकीच्या माणसाचा माल जाऊ नये म्हणून पुन्हा पहिल्यापासून बघू लागला. साहेबांची टोपी घामाने ओली झाली. “टोणपे,” ते माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही आत बसून कोणतं नाव घालून बघत होता?”

“माझंच, साहेब,” मी म्हणालो. साऱ्या खातेदारांत टोणपे एकच होता, मी चाचणीसाठी स्वतः घातलेला. आधी हशा पिकला, आणि मग आठ दिवसांची मुदत मिळाली.

त्या आठ दिवसांत मी प्रोग्रॅम बदलला. आधी गाव, मग पावतीचा नंबर. आडनाव शेवटी, नुसतं खात्रीला. मशीन राहिलं, मीही राहिलो, पुढे कायमही झालो. नवव्या दिवशी मी क्लार्कशेजारी खिडकीवर बसलो होतो. मामा नेहमीसारखे दहाला आले. खिडकीवर गाव आणि नंबर सांगितला, आणि चिठ्ठी हातात पडली. “चाळीस सेकंद,” त्यांनी वहीत लिहिलं, “लय झ्याक केलंसा, जावईबापू.” मग सवयीने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. लोक येत होते, चिठ्ठी घेऊन टेम्पोत चढत होते, जात होते. मामा खिडकीतून वाकून म्हणाले, “सावळजचा एक जण रोज बोअरची खोली सांगायचा. त्येला पाणी लागलं का न्हाई, आता कवा कळायचं?”

रांग संपली की रांगेतली सोबतही संपणार, हे वही वाचून दाखवण्याआधीच त्यांच्या ध्यानात आलं असणार. वीस वर्षं वायरलेसवर बसलेल्या माणसाला एवढं कळत नव्हतं, असं मी कसं म्हणू? महिन्याभरात खोली सोडून ते गावी गेले. त्या नवव्या दिवशीच मी बाहेर जाऊन, “मामा, थांबा, चहा घेऊ,” म्हणायला हवं होतं. ते उन्हात सायकल धरून उभे होते, खिडकीच्या काचेतून मला स्पष्ट दिसत होते, आणि मी पुढच्या चिठ्ठीला किती सेकंद लागतात ते बघत बसलो होतो.