बारा मिनिटांत निकाल

दार फोडायचं नाही, एवढं एकच पक्कं होतं. कारण तिसऱ्या मजल्यावरचे बाबा दाराला लागूनच आडवे पडले होते. टपाल टाकायच्या फटीतून त्यांचा एक हात दिसत होता, मनगटावरच्या हॉस्पिटलच्या पट्टीसकट. छातीचं ऑपरेशन होऊन घरी आल्याला चारच दिवस झाले होते. दार आत उघडणारं. धक्का मारला असता तर ते थेट टाक्यांवरच बसलं असतं.

आणि असलं दार उघडायला कोण गुडघे टेकून बसलं होतं, तर तळमजल्यावरच्या वकीलबाई.

वकीलबाईंनी बावीस वर्षं काळा कोट वापरला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी तो कपाटात टाकून कोपऱ्यावरच्या चावीवाल्या काकांच्या दुकानात जाऊन बसल्या. त्यावर इमारतीत काय काय बोललं गेलं, ते सगळं लिहिण्याजोगं नाही. कुणी म्हणालं नवऱ्याशी बिनसलं, कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला. खरं कारण साधं होतं. त्यांची एक म्हातारी अशील होती. घराचा दावा सतरा वर्षं चालला आणि शेवटी निकाल तिच्या बाजूनं लागला. वकीलबाई बातमी द्यायला हौसेनं तिच्या दारात गेल्या, तर सुनेनं शांतपणे सांगितलं की सासूबाईंना जाऊन दीड महिना झाला. त्याच आठवड्यात ऑफिसच्या कपाटाचं कुलूप अडकलं. काकांनी ते दोन मिनिटांत उघडलं, तेही अवाक्षर न काढता. वकीलबाई कपाट सोडून त्यांच्या बोटांकडेच बघत राहिल्या.

दीर त्याच ऑफिसात वकिली करायचा. ही नुसती लहर आहे, असं तो धरून चालला. "वहिनी, महिनाअखेरपर्यंत तुमची खुर्ची रिकामी ठेवतो," म्हणाला. महिना संपायला दोन दिवस उरले होते. इकडे काकाही बाईंना एकटीला कामावर सोडत नव्हते. हात चांगला आहे, पण तोंड फार चालतं, हे त्यांचं मत. काम करताना बाई किल्लीशीसुद्धा युक्तिवाद करायच्या. आज काका डोळे तपासायला गेले होते, म्हणून बाबांच्या सुनेनं दुकानातून सरळ बाईंनाच ओढत आणलं होतं.

अँब्युलन्स निघाली होती, पण अजून वीस मिनिटं लागणार होती. आतून बाबांचा श्वास ऐकू येत होता. घरघर, मग थांबणं, मग पुन्हा घरघर. ते थांबणं मधूनच लांबायचं, आणि जिन्यातली माणसं एकमेकांकडे बघायची.

बाईंनी सवयीनं आधी जबानी घेतली. सुनेनं सांगितलं की ती औषधं आणायला गेली होती, दार नुसतं ओढून घेतलं होतं. परत आली तर किल्ली भोकात जातच नाही. कुलूप जुनं, ते बिघडलं असणार. बाबांनी आतून लावलं असेल का, या प्रश्नावर ती जवळजवळ रागावली. ज्यांना पलंगावरून खाली पाय टाकायला दोन माणसं लागतात, ते कुलूप कुठून लावतील? बाईंना ते पटलं. मागे उभ्या असलेल्या कर्नलसाहेबांनाही पटलं. हे कर्नल सैन्यात कधीच नव्हते, नुसत्या मिशा तशा आहेत.

मग बाईंनी बिघडलेल्या कुलपावर इलाज सुरू केला. तेल सोडलं. तार घातली. तार अर्ध्यातच अडायची. दुसरी घातली, तीही अडली. पाच मिनिटं गेली, सहा गेली. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तोंड सुरूच होतं: "आता सरकेल. सरकायलाच हवं. गंजानं धरलंय, दुसरं काय असणार." बाबांच्या मुलानं फोनवरून हुकूम सोडला, फोडा. कर्नलांनी चप्पल काढून पाय उचलला. सून मध्ये उभी राहिली.

"पाय खाली," बाई म्हणाल्या. मागे न बघता.

आतली घरघर थांबली. या वेळी ती लवकर सुरू झालीच नाही.

ते ऐकायला म्हणून बाई गप्प झाल्या. चाव्यांच्या दुकानात बसायला लागल्यापासून पहिल्यांदा खऱ्या अर्थानं गप्प. आणि त्या शांततेत काकांचं रोजचं पालुपद डोक्यात आलं: माणसांना काय विचारतेस, कुलपाला विचार. आठ मिनिटं बाई एका घाबरलेल्या सुनेच्या जबानीवर खटला लढवत होत्या. भोकात टॉर्च मारून बघायचं, हे साधं काम राहूनच गेलं होतं.

टॉर्च मारला. आत गंज नव्हता. मधोमध पितळेचा गोल चकाकत होता. आतून लावलेल्या किल्लीचं टोक.

आत पुन्हा घरघर सुरू झाली, पण बारीक.

बाईंनी लांब चोचीची पक्कड काढली, तेल पुसून घेतलं आणि टोक पकडलं. पक्कड सुटली. पुन्हा पकडलं. किल्ली केसभर फिरली आणि पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले, मनगट न हलवता नुसती बोटं वळवली. खट्.

"कुणी हात लावायचा नाही," म्हणत त्यांनी दार बोटभर-बोटभर सरकवलं, आधी आत हात घालून बाबांचा खांदा हळूच बाजूला केला, मग अंग चोरून स्वतः आत गेल्या. अँब्युलन्सवाले आले तेव्हा बाबा कुशीवर होते आणि डोळे उघडे होते. सुनेनं रडत विचारलं की उठलात कशाला. बाबा पुटपुटले, "तू गेलीस की मी किल्ली लावतोच. तुला माहीत नाही?" तिला खरंच माहीत नव्हतं. नऊ वर्षं एका घरात राहून.

दुपारी काका डोळ्यांत औषध घालून परतले. किती वेळ लागला, एवढंच त्यांनी विचारलं.

"बारा मिनिटं."

"चाराचं काम."

"आठ साक्षीदारावर गेली," बाई म्हणाल्या.

हत्यारांची पिशवी काकांनी आपल्या बाजूहून उचलली आणि बाईंच्या बाजूला ठेवली.

संध्याकाळी बाईंनी दिराला फोन करून खुर्चीची वाट बघू नका, असं सांगितलं. तो बिचारा समजूत घालायला लागला, तर म्हणाल्या, "भावजी, तसं नाही. रिकामीच आहे तर इकडे पाठवून द्या. स्टुलावर बसून कंबर गेली माझी."

खुर्ची आली. तिच्यावर सध्या काका बसतात. बाई अजून स्टुलावरच आहेत.