कोणाचा तुकडा

अख्खी संस्था तिला ताई म्हणायची, तिच्याहून मोठे शास्त्रज्ञसुद्धा. ताईचं काम तळघरात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जराही हादरा खपत नाही. लिफ्ट हलली तरी पडद्यावरचं चित्र थरथरतं. म्हणून त्याची खोली जमिनीखाली, बिनखिडकीची, जाड दाराची.

यकृताचा कर्करोग नेमका सुरू कसा होतो, याचा शोध तिथे चालला होता. गाठ झाल्यानंतरचा नव्हे, गाठ होण्याआधीचा. यकृताचे कणाएवढे तुकडे ताई हिऱ्याच्या सुरीने इतके पातळ कापायची, की पाण्यावर तरंगणारा काप नुसत्या चंदेरी चमकेसारखा दिसे. यंत्र त्या कापांचे फोटो घेई आणि कॉम्प्युटर ते एकावर एक रचून पेशीची अख्खी आकृती उभी करी.

घरी थोरला भाऊ. दादाचं सलून होतं, आणि कात्रीपेक्षा तोंडच जास्त चालायचं. यकृताचा विषाणू त्याला जन्मतःच आईकडून मिळालेला. आई त्यापायीच गेली होती. ताईच्या जन्मापर्यंत लस आली होती. ती सुटली, तो राहिला.

एका संध्याकाळी जेवताना दादा म्हणाला, "आज डॉक्टरांनी सुई घालून यकृताचा तुकडा काढला. त्यातला थोडा संशोधनाला देता का, म्हणाले. म्हटलं घ्या की, घरचंच काम आहे!"

"कुठल्या संशोधनाला?"

"तुमच्याच! म्हटलं, बहीण आहे तिथे, फोटो जरा बरा काढेल."

ताईचा घास हातातच राहिला.

तुकड्यांवर फक्त नंबर असत. त्या दिवसापासून प्रत्येक नंबर तिला दादा वाटू लागला. सुरी लावण्याआधी ती नंबर पुन्हा पुन्हा वाचायची. आणि मग एक तुकडा असा आला, की तिने खुर्ची मागे सरकवली. आजूबाजूच्या पेशी शिस्तीत. मधोमध मात्र एक घोळका बिथरलेला, केंद्रकं चेपलेली, आतलं सगळं सुजून विस्कटलेलं.

ती वर मॅडमकडे गेली. मॅडम या कामाच्या प्रमुख.

"हा तुकडा कोणाचा?"

"मलाही माहीत नाही. आणि तुलाही कळता कामा नये."

"माझ्या भावाचा असला तर?"

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "असला तरी त्याला सांगशील काय? अशा पेशी कधी वर्षानुवर्षं तशाच राहतात. कुठल्या बिघडणार, तेच तर शोधतोय आपण."

ताईने दुसरं काम मागितलं. वरच्या मजल्यावर टेबल मिळालं, खिडकीजवळ. पण तिथे तिला चैन पडेना. खाली आता काय कापलं जातंय, काय दिसतंय, एवढंच डोक्यात. शेवटी आपणहून ती परत तळघरात उतरली.

घरी ती दादाच्या मागे लागली. दर सहा महिन्यांनी करायची सोनोग्राफी तो सर्रास टाळायचा. एकदा तो चिडला. "उठता बसता तेच! तू काही पाहिलंयस का?"

"नाही" म्हणणं खोटं, "हो" म्हणणंही खोटं. ती म्हणाली, "चल ना रे, माझ्यासाठी."

तो गेला. सोनोग्राफी स्वच्छ निघाली. दादाने सलूनमध्ये दिवसभर त्याचीच टिमकी वाजवली. ताईला मात्र माहीत होतं, की सोनोग्राफीला दिसायला गाठ पेशींच्या मानाने चांगली मोठी व्हावी लागते. तिने पाहिलं होतं ते त्याच्या कितीतरी आधीचं. घरात एकटा दादाच काळजीतून मोकळा झाला.

पुढे अशाच एका सहामाही तपासणीत यकृतात वाटाण्याएवढा कर्करोगाचा डाग निघाला. लवकर सापडला म्हणून ऑपरेशन जमलं. शुद्धीवर आल्यावर दादा पुटपुटला, "तुझ्या कटकटीने वाचलो, बाई."

तिला हसता आलं नाही. तो तुकडा त्याचाच होता का? नसेल, तर ज्याचा होता त्याच्या मागे कोण लागलं असेल? मॅडमना तेव्हाही माहीत नव्हतं. या वेळी ताईने विचारलंही नाही.

दादा पुन्हा सलून चालवतो. डॉक्टर म्हणाले आहेत, आजार उलटू शकतो. तपासणीला दोघं जोडीने जातात. रांगेतल्या सगळ्यांशी गप्पा झाल्या, की तो उठतो.

"तू आत येऊ नकोस," तो म्हणतो. "पडद्यापेक्षा तुझ्या तोंडाकडेच बघत बसतो मी."

ती बाकावर बसून राहते, बंद दाराकडे बघत.