आयोगाच्या खुर्चीबाई

तमाम सोलापूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की लाल प्लास्टिकची खुर्ची ही वस्तू दिसते तितकी निरुपद्रवी नाही. ती अख्खे गाव हादरवू शकते. हे निवेदन मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे, कारण त्या खुर्च्या माझ्या होत्या.

माझा मंडप आणि स्पीकर भाड्याने देण्याचा धंदा. महिला आयोगाच्या कामासाठी एक बाई जिल्ह्यात गावोगाव सभा घेत, बायकांना त्यांचे हक्क सांगत, तक्रारी ऐकत. सामान माझे असे. त्यांचा नियम एकच: सभेत बायका खुर्चीवर आणि पुरुष सतरंजीवर. तसे झाल्याशिवाय त्या माईकला हात लावत नसत. तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या पेठेत त्या 'बसा' तेलुगूत म्हणत, कर्नाटकाला लागलेल्या दुधनीकडे कन्नडमध्ये. लोकांनी त्यांचे नावच पाडले खुर्चीबाई.

पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला घाम फुटला. दुधनीजवळच्या एका गावात त्यांनी चक्क सरपंचाला उठवले. तो उठला, पण माझ्याकडे असा बघत होता, जणू खुर्ची मीच ओढली! आणि बायका बसेनात. सासू खाली असताना सून वर कशी बसणार? मग आधी सासवांना बसवले. तर आता सासूच्या बरोबरीने सून कशी बसणार? पुरुष जमिनीवर, सासवा सिंहासनावर आणि सुना भिंतीला टेकून उभ्या. बाई मला हळूच म्हणाल्या, "कायदा करणं सोपं हो. या गुडघ्यांना वाकायला कोण शिकवणार?" शेवटी त्यांनी सासवांनाच हुकूम सोडला, "आपापल्या सुनेला हाताला धरून बसवा." आणि बसवल्या की!

भीती हा पदार्थ त्यांनी चाखलाच नसावा. शहरातल्या एका चाळीत एक नवरा अंगावर धावून आला. "आमच्या घरच्या भानगडीत तुमी कोण?"

"पाहुणी," म्हणत बाई त्याच्याच बाजेवर बसल्या. "चहा टाका. तिनं नाही, तुम्ही."

त्याने टाकला! साखर कुठे असते हे मात्र त्याला बायकोला विचारावे लागले. कित्येक दिवसांत तो न ओरडता बोलला तो तेव्हाच, असे ती नंतर सांगत होती.

आता बाईंची मुदत संपली. त्या मुलाकडे पुण्याला गेल्या आणि माझ्या खुर्च्यांवर पुन्हा फेटे आणि टोप्या विराजमान झाल्या. पण मंगळवेढ्याकडची ती सभा सांगितल्याशिवाय बाई पुरत्या कळायच्या नाहीत.

ते गाव म्हणजे बाईंचे सासर. खुर्च्या मांडून बघतो तो पहिल्या रांगेत, मधोमध, फेटा बांधून त्यांचे सासरे! शेजारी चार पाहुणे. बायका सगळ्या सतरंजीवर. आता गंमत होणार म्हणून मी ताठ उभा राहिलो. आणि बाईंनी काय करावे? डोक्यावर पदर घेतला आणि कुणालाही न उठवता बोलायला सुरुवात केली! सरपंचाला उठवणारी बाई सासऱ्यापुढे नुसती सून झाली होती.

तेवढ्यात सतरंजीवरून त्यांच्या सासूबाई उठल्या. "मला तक्रार करायचीय."

"आत्याबाई, घरी बोलू," बाई पुटपुटल्या. माईक चालू होता. साऱ्या गावाने ऐकले.

"घरी कोन ऐकतंय? धाकट्याच्या पुनीचं लगीन ठरवलंय ह्येनी. सोळाची हाय पोर. फुडं शिकायचं म्हनून रातभर माज्या मांडीवर रडली. ह्ये पाव्हनं आज सुपारी फोडायला आल्यात. आता तूच सांग, आयोग हायस का सून हायस?"

बाईंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. पुनी म्हणजे त्यांची सख्खी पुतणी, आणि त्यांना या लग्नाचा पत्ताही नव्हता.

बाईंनी माईक ठेवला. सासऱ्यांसमोर आल्या आणि वाकून त्यांच्या पाया पडल्या. पाया पडल्या, बरं का! आणि तशा वाकलेल्याच असताना म्हणाल्या, "मामा, हे लग्न होणार नाही. केलंत तर तुमच्यावर पहिली तक्रार माझी. आता उठा, आत्याबाईंना बसू द्या."

"भर गावात माजा फेटा खाली घातलास, सूनबाई."

"फेटा मी परत बांधून देते, मामा. आधी उठा."

म्हातारा उठला! देवाशपथ उठला, आणि सतरंजीवर जाऊन बसला. एवढ्यात पाहुण्यांमधला नवरदेव, जो इतका वेळ मान खाली घालून बसला होता, तो ताडकन उभा राहिला. बाप मागून सदरा ओढतोय, आणि हा गडी अख्ख्या गावासमोर ओरडतोय, "बरं झालं! मला बी न्हाय करायचं ह्ये लगीन, पन मला कुनी इचारलंच न्हाय की!"