अक्कांना न सापडलेला खुनी

खुनी कोण, हे आमच्या अक्कांना पुस्तक निम्मं होण्याआधीच कळायचं. उरलेलं निम्मं त्या वाचायच्या ते लेखकालाही तेच कळलंय ना, एवढं बघायला. बसस्टँडवर मिळणाऱ्या तमिळ रहस्यकथांचा ढीग त्यांच्या कॉटखाली असायचा. दुसऱ्याला पुस्तक देताना त्या खुन्याचं नाव सांगत नसत, पण चेहरा असा करत की घेणाऱ्याची मजा तिथंच जाई.

बदली होऊन मी तंजावरला गेलो तेव्हा अक्कांच्या घरी वरची खोली भाड्यानं मिळाली. शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण ती फक्त बोलायची; वाचणं-लिहिणं सगळं तमिळ आणि इंग्रजीत. माझं बोलणं ऐकून त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, तुझी मराठी कालची आहे, आमची जुनी.

साठी उलटल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला होता. "जी भाषा बोलत म्हातारी झालें, तींतलं एक पुस्तक तरी वाचून जाईन," असं त्या म्हणत. शेजारच्या मुलीच्या हिंदीच्या पुस्तकावरून देवनागरी अक्षरं शिकल्या. मग कोल्हापूरचे कोणी नातेवाईक मोठं देऊळ बघायला आले आणि जाताना एक मराठी कादंबरी विसरून गेले. ती निघाली रहस्यकथा. अक्कांना आकाश ठेंगणं झालं.

रोज संध्याकाळी घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसून त्या एक पान वाचत. पहिल्यांदा मोठ्यानं, अक्षरांसाठी. दुसऱ्यांदा मनात, अर्थासाठी. जोडाक्षर आलं की मान तिरकी होई. कळलं का, असं मी विचारलं की तमिळमध्ये धाकट्या भावाला हाक मारावी तसं म्हणत, "अक्षरं आली, तंबी. अर्थ मागच्या बसनं येतोय." पापनाशमहून येणारी बस जशी भरवशाची नसे, तसाच तो अर्थ.

कादंबरी कोकणातल्या एका बंदराच्या गावात घडत होती. कस्टममधला एक निवृत्त अधिकारी धक्क्यापाशी मेलेला सापडतो. संशय गावच्या डॉक्टरवर, लॉजच्या मालकिणीवर आणि मेलेल्याच्या मेव्हण्यावर. डॉक्टरच्या चपला त्या रात्री ओल्या असतात. मी ऑफिसातून आलो की अक्का मला फाटकातच गाठून आज कुणावर संशय आहे ते सांगत. सोमवारी मालकीण, गुरुवारी मेव्हणा. त्यांचा असा गोंधळ मी कधी पाहिला नव्हता. पुस्तक निम्मं झालं, पाऊण झालं, खुनी काही सापडेना.

जवळजवळ वर्षानं पुस्तक संपलं, आणि त्या दिवशी अक्का तिण्णैवर नव्हत्या. आत स्वयंपाकघरात नुसत्या बसून होत्या. पुस्तक माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या, "तूं वाच. माझं कुठं चुकलं तें सांग. मज मराठी येत नाहीं, तंबी. उगाच वरीस घालवलें."

रविवारी मी ते वाचून काढलं आणि चक्रावलोच. शेवटच्या प्रकरणात बोटीवरून एक परका माणूस उतरतो, मीच मारलं म्हणतो, आणि कादंबरी संपते. तो आधी कुठंच नाही. डॉक्टरच्या चपला ओल्या का, ते लेखक पार विसरलेला. मी पानं मागं-पुढं केली, एखादं पान गळलंय का तेही पाहिलं. काही गळलं नव्हतं. आता मीच पेचात पडलो. पुस्तक टाकाऊ आहे म्हणावं, तर बाईंचं वर्ष पाण्यात. गप्प बसावं, तर आपल्याला आपलीच भाषा येत नाही असं त्या धरून बसणार. दोन दिवस मी मागच्या दारानं ये-जा केली.

शेवटी मी त्यांना म्हटलं, गोष्ट मला पहिल्यापासून सांगा. त्यांनी सांगितली. मेव्हण्याचं कर्ज, मालकिणीचं खोटं, भरतीची वेळ, एकही दुवा सुटला नाही. शेवटाशी येऊन त्या अडखळल्या. "मग एक माणूस बोटींतून उतरतो..."

मी म्हटलं, "अक्का, तसंच आहे. तो माणूस आधी कुठं नाहीच. लेखकाला शेवट जमला नाही."

"छापलेल्या पुस्तकांत?"

"छापलेल्या पुस्तकात."

मी समजूत घालतोय की काय, ते त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ताडून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी बरोबर वाचलें."

आणि त्यांनी सरळ फोन उचलला. कुंभकोणमची बहीण, चेन्नईचा भाऊ, ओरत्तनाडुची मामेबहीण, एकेकाला त्या तमिळमधून कळवत होत्या की मी एक मराठी कादंबरी वाचली आणि ती अगदी भिकार आहे. नात झाल्याची बातमी सांगावी तसा आवाज लागला होता.

अक्का गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. एखादं पुस्तक शेवटाशी फसलं की मी हल्ली चिडत नाही. हे कुणाला सांगावं ते न कळून नुसता बसून राहतो.